पिंक प्रिन्सेस म्हणून विकलेलं झाड हिरवं झालं, पैसे परत द्या

तक्रार विभाग,
नमस्कार.

ऑर्डर नंबर मेलच्या सब्जेक्टमध्ये टाकलाय. गेल्या दिवाळीत तुमच्या साईटवरनं फिलोडेंड्रॉन पिंक प्रिन्सेस हे घरात ठेवायचं शोभेचं झाड मागवलं, 1850 रुपये आणि वर कुरियर चार्ज, बेळगावला पार्सल आलं तेव्हा वरची पानं अख्खी गुलाबी होती. जूनमध्ये पाऊस लागला तसं झाड वाढायला लागलं पण नवीन पानं सगळी हिरवी, आणि आता जुनी गुलाबी पानंसुद्धा हिरवी पडलीत. फोटो जोडलेत, बघा.

तुमचे कस्टमर केअरवाले म्हणतात उजेड कमी पडला असेल. अहो, पूर्वेच्या खिडकीत आहे ते, शेजारचा मार्बल क्वीन मनीप्लांट अजून छान पांढरा-हिरवा आहे. उजेड कमी पडला तर प्रिन्सेसची नवीन पानं हिरवी येतात हे मलापण माहितीय, पण पानावर एकदा आलेला गुलाबी पट्टा नंतर हिरवा होत नाही, कारण तेवढ्या भागात हरितद्रव्यच तयार होत नाही. प्रिन्सेसचं पान गडद, काळपट हिरवं, त्यावर गुलाबी पट्टे, प्रत्येक पानावर वेगळे, खोडावरपण गुलाबी रेघा. सगळीच पानं गुलाबी असली तर झाड जगणार कशावर? तुम्ही पाठवलंय ते पिंक काँगो, म्हणजे हिरव्या झाडालाच केमिकल देऊन काही महिन्यांपुरतं गुलाबी केलेलं.

झाड मेलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते, आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की कुंडीत मुळं कुजायची भीती असतेच. पण नाव एकाचं आणि झाड दुसरंच, ही फसवणूक आहे. आणि तीन दिवसांची रिटर्न पॉलिसी मला सांगू नका, रंग उतरायलाच महिने लागतात, तीन दिवसांत गिऱ्हाईकाला कळणार कसं? ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय.

कुरियरसकट पूर्ण पैसे परत करा आणि साईटवर त्या झाडाचं खरं नाव लिहा, पैसे साठवून असली झाडं घेणारी कितीतरी लोकं आहेत. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. नाहीतर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करून बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, बिलावर तुमच्या शहराचं ज्युरिस्डिक्शन, म्हणजे केस तिथल्याच कोर्टात, असं छापलंय तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते तिथं केस करता येते.

पैसे ज्या यूपीआयवरनं भरले त्यावरच पाठवा. झाड परत हवं असेल तर पिकअप तुमच्या खर्चानं.

तुमची ग्राहक,
वडगाव, बेळगाव