भोंग्याच्या ठरावाबद्दल सरपंचताईंना

मा. सरपंचताई,

सप्रेम नमस्कार.

जत्रेच्या मैदानावर भोंगा, म्हणजे ध्वनिक्षेपक, कधी आणि कसा लावायचा याचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला आणि दिवेलागणीपर्यंत ‘पंचायतीन धयकालो (म्हणजे आपला दशावताराचा रात्रीचा खेळ) बंद केलो’ ही आवई वाडीवाडीत पोचली. पुढच्या ग्रामसभेत तुम्ही विषय ‘वेळेअभावी’ म्हणून ढकलला नाहीत, ‘पोलिसांना विचारा’ म्हणून हातही झटकले नाहीत. कागद उघडून एकेक कलम वाचलंत आणि उठलेला माणूस खाली बसेपर्यंत उत्तर दिलंत. माटव (मांडव) घालणारे, साऊंडवाले आणि दशावतार कंपन्यांच्या नाईट, म्हणजे रात्रीचे खेळ, ठरवणारे, अशा आम्हा सगळ्यांकडून त्याबद्दल हे आभारपत्र.

पहिलं म्हणजे तुम्ही न आवडणारं सांगितलंत. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हे काही पंचायतीच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात रात्रीची उघड्यावरची वाद्यंही आली. त्यामुळे ‘माईक काढतो, पखवाज रवांदे (राहू दे)’ ही पळवाट कागदावर टिकत नाही. सूट मिळते ती वर्षाकाठी फार तर १५ दिवस, तीही १२ वाजेपर्यंत, आणि ते दिवस जिल्ह्याच्या यादीतून ठरतात. पंचायतीला त्यात एक मिनिट वाढवता येत नाही. ‘बघू, करू’ म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. पंचायतीच्या हातात उरतं ते फक्त आपलं मैदान: ते कुणाला, कोणत्या अटीवर द्यायचं. ठराव तेवढाच आहे, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा लोकांनी ऐकलं.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते बेसच्या, म्हणजे खर्जातला आवाज काढणाऱ्या, स्पीकरच्या पेट्यांवरच्या बंदीवर. ‘डेसिबलचा आकडा घाला, पेट्यांवर बंदी कशाला?’ हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण ती ‘ए’ मापाने मोजतात, आणि ‘ए’ माप खर्जातला आवाज कमी धरतं, कारण हळू आवाजात माणसाचा कानही तो कमीच ऐकतो. भिंत आणि फडताळ मात्र तो पुरेपूर घेतात. म्हणून १८ इंची बेस लावला की मीटर सांगतं त्याहून त्रास कितीतरी जास्त होतो, आणि लांबच्या घरातली भांडी खणखणतात. नुसता आकडा घातला असता तर डीजेवाला मीटर दाखवून सुटला असता. दशावतारातल्या राजाला बेस लागतच नाही, त्याला शब्द पोचवायचा असतो. हे कलम ज्याने सुचवलं त्याला साऊंड कळतो.

पेट्यांची तोंडं डोंगराकडे, या अटीवर लोक हसले. हसण्यासारखं त्यात काही नाही. रात्री मतलई सुटते, जमिनीवरून दर्याकडे, म्हणजे किनाऱ्याची घरं वाऱ्याखाली येतात. त्यातून थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज वर निसटून न जाता वाकून खाली येतो आणि खाडीच्या सपाट पाण्यावरून पलीकडच्या गावात जातो. तक्रारी तिकडून का येतात, याचं उत्तर एवढंच आहे.

एका जागी पेट्यांची भिंत उभी न करता त्या विभागून लावायच्या, हे कलम आम्हाला सगळ्यात आवडलं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. म्हणजे एकाच ठिकाणाहून मागच्या रांगेला ऐकवायचं, तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कानठळ्या बसणार. त्यापेक्षा नटांच्या बाकड्याच्या दोन अंगांना दोन आणि मैदानाच्या मध्यावर दोन लहान पेट्या, डोक्याच्या वर, तोंड किंचित खाली. मधल्या पेट्यांना दर १० मीटरला सुमारे ३० मिलिसेकंद डिले द्यायचा, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडायचा, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. पेट्या माईकच्या पुढे हव्यात, मागे सरकल्या की शिट्टी सुरू. पखवाज आणि झांजेला माईक नकोच. आणि ठरावात नसलेली एक गोष्ट: खाऱ्या हवेने माईकच्या पिना हिरव्या पडतात, घरघर लागते, आणि ती झाकायला ऑपरेटर आवाज चढवतो. जत्रेच्या आदल्या दिवशी पिना घासल्या तर निम्मं भांडण मिटेल.

वेळेचं दुखणं मात्र खरं आहे. पालखीची प्रदक्षिणा झाल्याशिवाय कंपनी उभी राहत नाही, आणि पालखी निघायलाच उशीर होतो. तुम्ही मानकऱ्यांना हुकूम केला नाहीत, विनंती केलीत. पालखी साडेसातला टेकली, तर आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, नऊपर्यंत उरकेल आणि आख्यानाला तीन तास मिळतील. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे जाणते नट आख्यान बसल्या जागी आवरू शकतात. पण कात्री लागते ती पदांना आणि युद्धाला, आणि पहाटे फुटणारी दह्याची हंडी मध्यरात्री फुटते. हे नुकसान आहेच. ते तुम्ही सभेत मान्य केलंत, ‘काही फरक पडणार नाही’ असं म्हणाला नाहीत. आमच्यातल्या जुन्या माणसांचा राग त्या वाक्यानंतर उतरला.

एका कलमावर आमचं अजून पटलेलं नाही. बारानंतर सभामंडपात माईकशिवाय खेळ चालू ठेवायचा, असं ठरावात आहे. रात्रीची मोकळीक नियमात बंद जागेला आहे, आणि आपला सभामंडप तीन बाजूंनी उघडा. कुणी तक्रार केली तर पहिला नोटीस खाणारा कंपनीचा मालक असेल. तालुक्याकडून लेखी उत्तर येईपर्यंत हे कलम बाजूला ठेवावं.

विरोधातली मतं नावांसह इतिवृत्तात लिहायला लावलीत, हेही बरं केलंत. उद्या कुणी ‘आम्हाला विचारलंच नाही’ म्हणायला नको.

आता काम. ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून घ्यायचा. त्याला मैदानाची पंचायतीची लेखी संमती आणि वेळापत्रक जोडावं लागेल, तर संमतीचा एकच छापील नमुना करून द्या, दरवेळी नवा अर्ज लिहिताना चुका होतात. आणि १५ दिवस मोजले जातात इंग्रजी वर्षावर. आपला हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो, म्हणजे एका हंगामाला दोन वर्षांच्या याद्या लागतात. नवीन यादी आली की तीही देवळाच्या फळ्यावर लावा. माघातल्या नाईट कंपन्या त्याआधीच घेऊन बसलेल्या असतात.

आपले,
माटववाले, साऊंडवाले आणि दशावतार मंडळी