स्लॅबमधली शिंपली

डोंबिवली,
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ज्या माडाखाली उभं राहिल्यावर तुम्हाला रेंज मिळायची तोच परवाच्या वादळात पडवीवर आडवा झाला, त्यामुळे फोनवर हल्ली आपलं अर्धंच बोलणं होतं आणि त्या अर्ध्यातही आपण चिडतो. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. मधे त्यांना उठू देऊ नकोस.

पहिलं म्हणजे विमा कंपनीने पाठवलेल्या त्या कागदावर सही करू नका. कौलांचे अडतीस हजार घ्या आणि ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून लिहून द्या, असा तो कागद आहे. मिळतायत ते घेऊन टाकू, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण सही केलीत की पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कागद ते आपल्या तोंडावर धरतील.

आता नाकारल्याच्या पत्राबद्दल. ते मी चारदा वाचलं. पडवीची स्लॅब ‘सदोष साहित्यामुळे’ पडली, म्हणून पैसे नाहीत, एवढंच त्यात आहे. मग मी पॉलिसी काढली. निसर्ग वादळात (३ जून २०२०) आपल्याकडे विमाच नव्हता, तलाठ्याच्या पंचनाम्यावर सगळं अवलंबून होतं. त्यानंतर तुम्ही घेतलीत ती ही, भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ही एकाच मसुद्याची द्यावी लागते. सदोष बांधकाम आणि सदोष साहित्याचा अपवाद तिच्यात आहे, पण तो जमीन खचणे, दरड कोसळणे या कलमासमोर. वादळाच्या कलमासमोर तो नाही. आणि बाहेरची वस्तू आदळून होणाऱ्या नुकसानीचं जे कलम आहे त्यात उदाहरण म्हणून चक्क ‘पडणारी झाडं’ लिहिलीयत! आपली जमीन कुठे खचलीय? माड पडलाय. अपवाद लावायचा तर तो लागू पडतो हे दाखवायची जबाबदारी कंपनीची, आपली नव्हे. शिवाय नाकारताना पत्रात जे कारण दिलं नाही ते नंतर कोर्टात काढता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलंय. तेव्हा ‘उशिरा कळवलंत’ वगैरे आता त्यांना म्हणता यायचं नाही. तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी सकाळी कळवलं होतंत.

इथवर वाचून बाबा खूश झाले असतील. पुढचं आवडणार नाही.

कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला तेव्हा मी तिथे होते. पडवीच्या ढिगातून त्याने काँक्रीटचं एक ढेकूळ उचललं, अंगठ्याने पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. आत तिसरीची अख्खी शिंपली होती, नखाएवढी, पांढरी. बाजूची सळई इतकी गंजलेली की पापुद्रे हातात येत होते. तो काही बोलला नाही, फोटो काढला. बाबा, तुम्ही तेव्हा विहिरीकडे बघत होतात. २०१२ मध्ये नदीची रेती महाग पडते म्हणून कंत्राटदाराने खाडीची टाकली, हे तुम्हाला ठाऊक होतं. आईलाही होतं. खारी रेती सळई खाते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. किनाऱ्यावरच्या माणसाला हे मी काय सांगायचं.

म्हणून ‘रेती नदीचीच होती’ हे तुम्ही अर्जात लिहिलेलं वाक्य काढून टाकू. ते खोटं आहे आणि आपल्याला त्याची गरजही नाही. स्लॅब कच्ची होती, कबूल. पण त्या रात्री माड पडला नसता तर ती उभी होती, आदल्या दिवशी तिच्यावर आमसुलं वाळत होती. कशाने पडली, हा वाद आहे. कशी होती, हा नाही.

आणि स्वयंपाकघराची स्लॅब तुम्ही त्याच अर्जात घातलीत, ती चूक झाली. तिच्यावर माड पडलेला नाही. आई, दोन वर्षांपूर्वी तूच फोन केला होतास, आमटीत पोपडा पडला म्हणून. तो खर्च आपला. ते एक कलम अर्जात राहिलं तर पडवीचं खरंही कुणाला खरं वाटणार नाही. पडवी, कौलं, टीव्ही, एवढंच ठेवू.

शेजारचे काका ‘पाच वर्षांची गॅरंटी असते’ म्हणतात ते रेराचं, बिल्डरांवरच्या कायद्याचं. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला, ताब्यापासून पाच वर्षांत दोष निघाला तर त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचा. आपलं घर आपल्या जागेत, कंत्राट तोंडी, आणि झाली किती वर्षं. ग्राहक आयोगाची मुदतही दोनच वर्षांची. त्या माणसाशी भांडायचंच असेल तर गणपतीत आरतीला येईल तेव्हा भांडा.

मी काय करणार ते सांगते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र, सोबत सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागायची. सर्व्हेअरचा शब्द शेवटचा नसतो, हेही सुप्रीम कोर्टाचंच, २००९ चं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. त्यांचा निवाडा कंपनीला पाळावा लागतो. आपल्याला पटला नाही तर रत्नागिरीचा ग्राहक आयोग आहेच. दोन्हीकडे एकदम मात्र जाता येत नाही, तेव्हा उगाच कुणा वकिलाला दापोलीत भेटून येऊ नका.

सगळे पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. सळई गंजलेली होती म्हणून काहीतरी कापतीलच.

शुक्रवारी रात्रीच्या तुतारीने निघते, खेडला उतरून पहिली एसटी धरते. तोपर्यंत पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून आणून ठेवा. ते शिंपलीचं ढेकूळ मी खिडकीत ठेवलं होतं, टाकू नका. आणि आई, लाकूडवाला कितीही मागे लागला तरी माडाचा बुंधा हलवू देऊ नकोस. पडलाय तसाच पडवीवर राहू दे, मला सगळ्या बाजूंनी त्याचे फोटो काढायचेत.

तुमची,
चिमी