बीप मोजायला शिकवणाऱ्या बुधवार पेठेतल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

"कॉम्प्युटर चालू होत नाही, नुसताच वाजतोय," असं म्हणत कुणी तुमच्या दुकानाच्या पायरीशी आलं की तुम्ही नवा भाग काढून दाखवत नाही. आधी विचारता, "किती वेळा वाजतो? लांब की आखूड? बायोस कुठलं आहे?" आम्ही सोसायट्यांमधले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून शाळकरी मुलांना देतो, आणि ते सगळं काम या तीन प्रश्नांवर उभं आहे. म्हणून हे जाहीर आभार. तुमची पद्धत आणखी चार घरांत पोचावी, यासाठी ती इथे सविस्तर लिहितो आहोत.

तिसरा प्रश्न लोक सोडून देतात, आणि खरी फसगत तिथेच होते. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा (मुख्य बोर्डावरचा) प्रोग्राम; चालू होताना तो सगळे भाग तपासतो आणि काही अडलं तर बीप देतो. एएमआय, अवॉर्ड, फिनिक्स ही बायोसची नावं, आणि प्रत्येकाची बीपची भाषा वेगळी. डेलच्या बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये पाच बीप म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपला. एएमआय बायोसमध्ये त्याच पाच बीप प्रोसेसरकडे बोट दाखवतात. कुठे एक साधा सेल आणि कुठे प्रोसेसर! अवॉर्डमध्ये एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. जुन्या एएमआयमध्ये एक बीप होऊन पडदा काळाच राहिला तर रॅमचं (कामचलाऊ मेमरीचं) रिफ्रेश, म्हणजे तिच्यातली माहिती टिकवणारी सततची उजळणी, बिघडलेलं असतं. फिनिक्स तर १-३-१-१ असे गट करून बोलतं, त्यामुळे मधल्या विरामासकट ऐकावं लागतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मग मोजा, हा तुमचा सल्ला आम्ही सगळ्यांना देतो.

सर्वाधिक तक्रारी रॅमच्या. एएमआयमध्ये तीन आखूड, अवॉर्डमध्ये लांब बीप एकसारख्या चालू. पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा आणि शेजारच्या बांधकामाची धूळ यांचा थर रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पिनांवर बसतो आणि संपर्क तुटतो. पट्टी बहुतेक वेळा चांगलीच असते. आधी भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढायची, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं आणि मदरबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. वायर लागलेली असेल तर कॉम्प्युटर बंद दिसला तरी बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो. त्या अवस्थेत रॅम काढली-घातली तर चांगली पट्टीही जाऊ शकते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. पिनांवर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचा; घासून काढायचं नाही, कारण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाच मिनिटं वाळू द्यायचं. स्लॉट कोरड्या ब्रशने साफ करायचा. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. पट्टी बसवताना दोन्ही टोकांना "टक" असा आवाज आलाच पाहिजे. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. तिथे दुसरं टोक अर्धवट बसलेलं असूनही नीट बसल्यासारखं दिसतं.

तरीही वाजत असेल तर एकच पट्टी ठेवायची. चार स्लॉटच्या बऱ्याच बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या, म्हणजे ए२ स्लॉटमध्ये जाते. मॅन्युअल पाहून खात्री करावी. मग दुसरी पट्टी त्याच जागी. एकच पट्टी अडत असेल तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडत असतील तर तो स्लॉट, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन.

आवाजच येत नसेल तेव्हा तुमची उलटी परीक्षा आम्हाला फार उपयोगी पडते. सगळी रॅम काढून कॉम्प्युटर चालू करायचा. बोर्डाने बीप देऊन तक्रार केली, तर प्रोसेसर, बायोस आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) निदान इतपत काम करताहेत हे कळतं. गप्पच राहिला तर प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर वायर, एसएमपीएस आणि मग बोर्ड, या क्रमाने बघायचं. मात्र त्याआधी स्पीकर आहे का, ते पाहायला हवं! आजकालच्या पुष्कळ कॅबिनेटमध्ये तो येतच नाही. बोर्डावर स्पीकर लिहिलेल्या चार पिनांवर छोटा बझर लावला की मुका बोर्ड बोलू लागतो. नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सिस्टीम सुरू होणं) असे चार दिवे असतात. जो दिवा पेटून राहील तिथे गाडी अडली. डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम असेल तर ती बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो. तेव्हा घाईने बंद करू नये.

अवॉर्डच्या एक लांब आणि दोन आखूड, किंवा एएमआयच्या आठ बीप, या ग्राफिक्सच्या, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या कार्डाच्या. कार्ड काढून पुन्हा बसवा, त्याची ६ किंवा ८ पिनची वायर तपासा. स्लॉटमधून फार तर ७५ वॉट मिळतात, मोठ्या कार्डाला ते पुरत नाहीत. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो.

काका, खोडरबराने भागणाऱ्या कामाला तुम्ही कधी नवी रॅम विकली नाहीत. गल्लीत ऐन गर्दी असतानाही फोनवर आमच्याबरोबर बीप मोजल्यात. याचं मोल आम्ही जाणतो.

पावसाळ्याआधी सोसायटीच्या ऑफिसात बीपचा तक्ता लावायचा आहे. डेलचे काही कॉम्प्युटर बीपऐवजी दिवा लुकलुकवून बिघाड सांगतात; त्या कोडांपैकी आम्ही दोन नारिंगी आणि तीन पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, एवढंच भरलं आहे. बाकीचे कोड तुमच्या वहीतून उतरवून घ्यायला शनिवारी दुकानात येतो. चार पिनचे दहा बझरही काढून ठेवा.

तुमचे,
सोसायटीतला कॉम्प्युटर-दुरुस्ती गट, पुणे