हौशी वादकांना सरसकट मनाई नको, ठरावीक वेळ द्या

महोदय,

रविवारी संध्याकाळी चार-पाच मित्रांनी एखाद्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये गिटार, कीबोर्ड, तबला घेऊन बसावे आणि जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवावीत, ही पुण्यात आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारी समितीने मात्र आवारात कोणतेही वाद्य कोणत्याही वेळी वाजवण्यास मनाई करणारा ठराव नुकताच केला. लग्नातला डीजे आणि ध्वनिवर्धकाशिवाय वाजणारी एक गिटार यांत त्या ठरावाने काहीच फरक केलेला नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

दुसऱ्यांची गाणी वाजवणे म्हणजे निव्वळ नक्कल, असे मानणाऱ्यांनी एकदा अशा तालमीला येऊन बसावे. मूळ गाण्याची पट्टी हौशी गळ्याला झेपतेच असे नाही. काळी चारमधले गाणे काळी एकमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ही नावे पडली आहेत) आणायचे ठरले, की कीबोर्डवाला पट्टी बदलणारे ट्रान्सपोजचे बटण दाबून मोकळा होतो, पण गिटारवाल्याला सगळे कॉर्ड नव्याने बसवावे लागतात आणि बासरीवाल्याला दुसरी बासरी काढावी लागते. त्यानंतर प्रश्न येतो तो अंतऱ्याआधीच्या म्युझिक पीसचा, म्हणजे नुसत्या वाद्यांच्या तुकड्याचा. ध्वनिमुद्रणात जिथे व्हायोलिनचा अख्खा ताफा वाजतो, तिथे आपल्याकडे एक कीबोर्ड आणि एक माऊथ ऑर्गन एवढेच असते, त्यामुळे त्यातली कोणती ओळ ठेवायची, कोणती सोडायची आणि उरलेली कोणी उचलायची, हे वाद घालून, वाजवून पाहून ठरवावे लागते. त्या खटपटीत ज्या गोष्टी कानांना कळतात, त्या नुसते गाणे ऐकून वर्षानुवर्षे कळत नाहीत. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्या मूळच्या गोव्याच्या संगीत संयोजकांनी, म्हणजे कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे हे ठरवणाऱ्यांनी, हिंदी चित्रपटगीतांसाठी किती बारकाईने काम केले आहे, हे मला तरी त्यांचे पीस बसवताना प्रथम उमगले, कारण श्रोता गायकाला आणि संगीतकाराला ओळखतो, संयोजकापर्यंत तो सहसा पोहोचतच नाही.

कराओकेची, म्हणजे तयार ध्वनिमुद्रित साथीवर गाण्याची, सोय असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. कराओकेने अनेकांना, विशेषतः निवृत्त मंडळींना, गायला लावले आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. परंतु कराओकेचा ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. गायक समेवर चुकला तर ट्रॅक पुढे निघून जातो. तबलजी मात्र ठेका धरून ठेवतो, डोळ्यांनी खूण करतो आणि गायकाला पुन्हा मुखड्यावर आणून सोडतो. एकमेकांना असे सांभाळून घेण्याची सवय लागते ती समोरासमोर बसून वाजवल्यानेच.

शेजाऱ्यांचा त्रास मी मुळीच नाकारत नाही. ज्या घरात परीक्षेचा अभ्यास चालू आहे किंवा कोणी आजारी आहे, तिथे वाद्याचा मंद आवाजही नकोसा होतो. त्यासाठी नियम आहेतच. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा असून रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत बंदिस्त सभागृहांसारखे मोजके अपवाद वगळता वाद्ये वाजवता येत नाहीत. ही बंधने हौशी वादकांनीही काटेकोरपणे पाळलीच पाहिजेत. शिवाय थोडी तांत्रिक काळजी घेतली तर त्रास पुष्कळ कमी होतो. पार्किंगच्या उघड्या काँक्रीटमध्ये आवाज घुमतो, मग प्रत्येकाला स्वतःचे वाद्य नीट ऐकू येत नाही आणि प्रत्येक जण आणखी जोराने वाजवतो. दोन जाड सतरंज्या आणि एक-दोन पडदे लावले तरी हे घुमणे बरेच उतरते. ड्रमसेटऐवजी काहोन, म्हणजे हातांनी वाजवायची लाकडी पेटी, घ्यावा आणि तो फरशीवर न ठेवता जाड गादीवर ठेवावा, कारण त्याचा धक्का फरशीतून भिंतींत आणि तिथून वरच्या घरांत पोहोचतो. बास गिटारचा अँप्लिफायर तर अशा ठिकाणी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समितीच्या बैठकीत स्वामित्वहक्काचाही मुद्दा निघाला होता, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. हौशी मंडळाने पैसे न आकारता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 मध्ये सूट आहे. तेच गाणे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकणे ही वेगळी बाब आहे आणि तिथे परवानगीचा प्रश्न येऊ शकतो. मित्रांच्या तालमीला मात्र कायद्याचा धाक दाखवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे भजनी मंडळे शतकांपूर्वीचे अभंग आजही आपापल्या चालीत गातात आणि हौशी नाट्यसंस्था इतरांनी लिहिलेली नाटके कामावरून थकून आल्यावरही बसवतात. दिवसभर नोकरी करून वाद्य हाती घेणाऱ्या तरुणांकडेही याच नजरेने पाहायला हवे. ताशी भाडे आकारणाऱ्या जॅम रूमचा, म्हणजे तालमीच्या खोलीचा, खर्च विद्यार्थ्यांना परवडत नाही, आणि बंगला व गॅरेज असलेला मित्र प्रत्येकाच्या नशिबी नसतो.

म्हणून गृहनिर्माण संस्थांना माझी विनंती आहे, की सरसकट मनाईचे ठराव मागे घेऊन आठवड्यातून एकदा, संध्याकाळी 5 ते 7 या वेळेत, क्लबहाऊस किंवा बैठकीची खोली नाव नोंदवून वापरू द्यावी. ध्वनिवर्धक न लावण्याची अट घालावी, आणि तक्रार आलीच तर पुढच्या आठवड्याची वेळ रद्द करण्याचा अधिकार समितीने जरूर आपल्याकडे ठेवावा. महापालिकेनेही आपल्या समाजमंदिरांतल्या ज्या खोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात, त्या नाममात्र शुल्कात तालमीसाठी खुल्या कराव्यात आणि त्यांचे वेळापत्रक क्षेत्रीय कार्यालयांत लावावे.

आपला,
एक हौशी गिटारवादक,
कोथरूड, पुणे