कळवणच्या इतिहासात सुरगाणा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यातल्या कळवण विधानसभा मतदारसंघाची ओळख करून देणारा मजकूर आपल्या अंकात वाचला. आकडे नीट मांडले आहेत, पण इतिहास २००९ पासून सुरू केला आहे. सुरगाणा तालुक्यात मी सत्तावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आणि अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले. ज्या जुन्या सुरगाणा मतदारसंघासाठी आम्ही मतपेट्या वाहिल्या, त्याचे नाव त्या मजकुरात एकदाही आले नाही, याचे फार वाईट वाटले.

सुरगाणा हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. कळवणही राखीवच होता, पण वेगळा. दोघांचे आमदार वेगळे आणि राजकारणाची चालही वेगळी. सुरगाण्यातून १९७८ साली अलंगुणचे जिवा पांडू गावित लाल बावट्यावर, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून, पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे २०१४ पर्यंत एकूण सात वेळा आमदार झाले. विळा-हातोड्याचा आमदार राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला, त्या काळातही सुरगाण्याने तो पाठवला. इथल्या माणसाचा प्रश्न जंगलजमिनीचा होता. बाप-आजा कसत आलेला फॉरेस्ट प्लॉट नावावर नाही, नागली-वरई पेरली की गार्ड येणार, दंड होणार. त्या प्रश्नावर जो उभा राहिला, त्याला लोकांनी मते दिली.

कळवणची गोष्ट पाण्याची. तिथे अर्जुन तुळशीराम पवार, म्हणजे सगळ्यांचे ए. टी. पवार, यांनी बंधारे आणि धरणे हाच आपला कार्यक्रम केला. पुनद धरणाला आज अर्जुनसागर म्हणतात, ते उगीच नाही. गिरणेच्या खोऱ्यातला आदिवासी शेतकरी कांद्यापर्यंत पोचला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे आणि तो मान्य करायला मला जड जात नाही.

मग २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना आली. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या त्या आखणीत राज्यातील आदिवासी राखीव जागा २२ वरून २५ झाल्या. जागा वाढल्या म्हणून आनंद झाला असता, पण आमच्या डोंगरात मात्र दोनाची एक झाली. आज आमच्या शेजारचा पेठ तालुका दिंडोरी मतदारसंघात आहे आणि सुरगाणा कळवणमध्ये. मतदारसंघ आखताना भूरचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असे पुनर्रचनेच्या कायद्यातच लिहिले आहे. नकाशावर सुरगाणा आणि कळवण हे दोन तालुके शेजारी दिसतात खरे. पण गिरणा केमच्या डोंगरात, सुरगाण्याच्या हद्दीत उगम पावून पूर्वेला कळवणकडे जाते आणि नार, पार, अंबिका पश्चिमेला गुजरातेत उतरतात. पाणलोट वेगळा, पीक वेगळे, बाजारही वेगळा. सुरगाण्यातल्या उंबरठाण-बाऱ्हे भागातल्या माणसाला कळवण गाठायचे तर घाट चढून अख्खा दिवस घालवावा लागतो.

२००९ पासूनच्या चार निवडणुका याच नजरेने वाचाव्यात, अशी विनंती आहे. २००९ मध्ये ए. टी. पवार निवडून आले. २०१४ मध्ये गावितांनी त्यांना पाच हजारांच्या आत हरवले. २०१७ मध्ये पवारसाहेब गेले. २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव नितीन पवार यांनी गावितांचा साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पराभव केला, आणि २०२४ मध्ये दोघांनीही लाखाहून जास्त मते घेतली, तरी निकाल आठ हजारांच्या थोड्या पुढच्या फरकाने पवारांच्याच बाजूने लागला. इतक्या अटीतटीच्या लढतीला आपण दोन घराण्यांची किंवा दोन पक्षांची लढत म्हणता. मला ती दोन तालुक्यांची ओढाताण वाटते. एका आमदाराने खाली वनपट्टे बघायचे की वर कालवे? दर वेळी एक तालुका आपला आमदार निवडतो आणि दुसरा पाच वर्षे वाट पाहतो.

लोक गप्प बसले असेही नाही. मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या हक्कासारख्या मागण्यांसाठी नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या किसान लाँग मार्चमध्ये आमच्या तालुक्यातले शेकडो लोक होते. त्यात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आयाही होत्या. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुंबईतल्या मुलांना त्रास नको म्हणून सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंतची वाट त्यांनी रात्रीच चालून संपवली. पाय सोलून परतलेली ती माणसे मी पाहिली आहेत. २०२२ च्या अखेरीला सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, तेव्हा शहरातल्या लोकांना धक्का बसला. रस्ता, दवाखाना, पाणी यांसाठी पलीकडे बोट दाखवणारी ही गावे धो धो पावसाची आहेत आणि तरी उन्हाळ्यात तिथल्या बाया पाण्यासाठी झिरे, म्हणजे पाझराचे खड्डे, उपसतात.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण पुढे आहे. घटनेनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर मतदारसंघांची पुन्हा आखणी व्हायची आहे. ती आखणी लोकसंख्येवर होणार, आणि माणसांची मोजणी ठरली आहे फेब्रुवारी २०२७ मध्ये. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाचा ऐन हंगाम. त्या दिवसांत सुरगाण्यातली कितीतरी घरे कुलूपबंद असतात आणि माणसे निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये पाल ठोकून राहतात. मोजणीच्या पूर्ण काळात गावी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. विधानसभेची निवडणूक अलीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, तेव्हा भातकापणी आणि द्राक्षाची छाटणी असते. मतदान यंत्र घेऊन बसलेलो असताना दुपारपर्यंत फक्त म्हातारी माणसे आलेली मी पाहिली आहेत. मतात कमी पडलो, आता डोक्यांच्या मोजणीतही कमी पडलो तर आमच्या बाजूने बोलायला आकडाच राहणार नाही.

म्हणून दोन मागण्या. जिल्हा प्रशासनाने सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील स्थलांतरित कुटुंबांची गावनिहाय यादी मोजणीआधी करावी आणि प्रत्येक घरातले कोणीतरी त्या काळात काही दिवस गावी येईल, अशी व्यवस्था बागायतदारांशी बोलून लावावी. आणि आपल्या दैनिकाने जुन्या सुरगाणा मतदारसंघाचे १९७८ ते २००४ पर्यंतचे निकाल एकदा छापावेत. पुनर्रचनेच्या सुनावणीला आमच्या गावांतून कोणी गेले, तर त्याच्या हातात ते कात्रण असेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. सुरगाणा, जि. नाशिक