शकुंतलेच्या गार्डकाकांना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

शकुंतला या छोट्या रेल्वेवरच्या आपल्या पथ्रोट स्टेशनचा इतिहास एकदाचा लिहून झाला. त्यात जीव आला तो तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

कंपनीची हकिकत जमवणं अवघड नव्हतं. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेने वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे न्यायला ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची लाइन टाकली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, 76 किलोमीटर. दुसरा यवतमाळला, 113. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून थेट 15 एप्रिल 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. पण मोजक्या सात-आठ माणसांवर ही गाडी चालायची कशी, हे कुठल्या कागदात सापडेना.

ते तुम्ही ओसरीवर मांडूनच दाखवलंत. तांब्या इंजिन, पानाचा डबा गार्डाचा डबा, अडकित्ता फाटक. गाडी थांबली की गार्डानेच उतरायचं, तिकिटं द्यायची, एखाद्या म्हातारीचं बोचकं वर चढवायचं आणि मग हिरवी झेंडी. फाटक आलं की गाडी अलीकडेच उभी. उतरून फाटक लावा, गाडी पलीकडे काढा, फाटक उघडा, पुन्हा डब्यात चढा! "वीसच्या स्पीडनं जाते गाडी, घाई कायची?" असं म्हणून तुम्ही अडकित्ता उचललात आणि सुपारी कातरायला घेतलीत. तेवढ्यापुरतं फाटक बंद.

"अजून इंग्रजाले भाडं जाते" हे पारावरचं लाडकं वाक्यही तुम्ही खोडून काढलंत. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आली. लाइन रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणातून सुटली आणि रूळ कंपनीचे, गाडी सरकारी रेल्वेची, हा जुना करार तसाच चालत राहिला. मला विचाराल तर त्या करारानेच घात केला. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, मग डागडुजीचा खर्च करणार कोण?

काकूंनाही नमस्कार. दरवेळी जेवल्याशिवाय त्यांनी उठू दिलं नाही, तेही या इतिहासाच्या खर्चात धरलंय.

वही घेऊन पुढच्या आठवड्यात येतो. फाटकाच्या पानावर समास मुद्दाम मोठा सोडलाय. काही राहिलं असेल तर पेन्सिलीने तिथेच लिहा.

आपला,
पथ्रोटचा एक शकुंतलाप्रेमी