जर्मनीत उतरल्यानंतरचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीतील संधींविषयी आपण काल पानभर लेख छापलात. तो मी इथे जर्मनीत बसून ई-आवृत्तीत वाचला आणि त्यानंतर रात्रभर मनातून गेला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखकाने एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला), भाषेच्या परीक्षा, व्हिसासाठीची कागदपत्रे आणि अपॉइंटमेंट यांचा क्रम व्यवस्थित दिला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार मानते. पण पासपोर्टवर व्हिसा चिकटला की हा लेख संपतो, आणि येणाऱ्या माणसाची खरी परवड तिथूनच सुरू होते. तिच्याविषयी लेखात एक ओळही नाही, हे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते.

भारतातून मिळणारा राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामासाठीचा व्हिसा, बहुतेकांना काही महिन्यांपुरताच मिळतो. पुढे राहण्याचा परवाना दिल्ली किंवा मुंबईतून मिळत नाही, तो आपण ज्या शहरात राहायला जाऊ तेथील परदेशी नागरिकांचे कार्यालय देते. त्याआधी नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले स्वतंत्र पत्र लागते. १ नोव्हेंबर २०१५ पासून देशभर हा नियम आहे आणि केवळ भाडेकरार दाखवून भागत नाही. घर मिळणे दुरापास्त झालेल्या शहरांत अनेक घरमालक जाहिरातीतच ‘नोंदणी होणार नाही’ असे लिहून मोकळे होतात. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही, कर क्रमांक नाही म्हणून पगारातून चढ्या दराने करकपात, आणि परवान्याचा अर्जही अडलेला, अशी एकात एक अडकलेली ही साखळी आहे. हा क्रमांक टपालाने येतो आणि टपालपेटीवर आपले नाव नसेल तर पत्र परत जाते. एवढी साधी गोष्टही नव्याने आलेल्या मुलामुलींना कोणी सांगत नाही.

आता मी माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. मी मूळची सांगलीची. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील एका शहरात काही वर्षांपासून नोकरी करते. माझ्या परवान्याची मुदत संपायच्या बरीच आधी मी नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरला, सर्व कागद जोडले, आणि अर्ज पोहोचल्याची संगणकाने पाठवलेली पोचही मला मिळाली. त्यानंतर कार्यालयाकडून काहीही आले नाही. दूरध्वनी कोणी उचलत नसे, अपॉइंटमेंटच्या संकेतस्थळावर एकही तारीख मोकळी दिसत नसे, आणि प्रत्यक्ष गेले तर दारावरचा सुरक्षारक्षक अपॉइंटमेंटशिवाय आत सोडत नसे. अशातच कार्डावरची मुदत उलटून गेली.

कायदा याबाबतीत माझ्या बाजूने होता, हे मला आवर्जून सांगायचे आहे. जर्मनीच्या वास्तव्य कायद्याच्या ८१व्या कलमानुसार मुदतीच्या आत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असे धरले जाते आणि नोकरीही चालू ठेवता येते. परंतु हे सिद्ध करण्यासाठी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचे तात्पुरते प्रमाणपत्र हातात असावे लागते, आणि ते देणारे कार्यालय तेच, जिथे मला कोणी दारात उभे करत नव्हते. माझ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने कागद मागितला आणि तो मिळेपर्यंत मला बिनपगारी घरी बसवले. ते मी सहन केले असते. पण त्याच दिवसांत माझ्या आईला हृदयविकाराचा झटका आला आणि सांगलीतील डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय घेतला. मी आईवडिलांची एकुलती एक मुलगी आहे. मुदत संपलेले कार्ड घेऊन मी भारतात खुशाल जाऊ शकत होते, मात्र त्या प्रमाणपत्राशिवाय परतताना मुंबईच्या विमानतळावर मला विमानात चढू दिले नसते, आणि मग नोकरी, घर व इतक्या वर्षांचे वास्तव्य या सगळ्यावर पाणी सोडावे लागले असते. वडिलांनीच मला येऊ नकोस असे बजावले. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर वडिलांच्या शेजारी माझ्याऐवजी माझ्या मावसभावाने सही केली. आई वाचली, पण मी तिच्याजवळ नव्हते याची टोचणी आजही कमी झालेली नाही.

शेवटी एका वकिलाने मार्ग दाखवला. कार्यालय सबळ कारणाशिवाय तीन महिन्यांत अर्जावर निर्णय देत नसेल, तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेचा दावा दाखल करता येतो. असा दावा करू, हे लेखी कळवल्यावर ज्या कार्यालयाकडे इतके दिवस वेळ नव्हता त्याच कार्यालयाने ते प्रमाणपत्र टपालाने घरी पाठवले. हा मार्ग मला सुरुवातीलाच माहीत असता तर मी आईजवळ असते. आपल्या लेखात ‘ब्लू कार्डधारकाला अवघ्या २१ महिन्यांत कायम वास्तव्य’ हे ठळक चौकटीत आहे (ब्लू कार्ड म्हणजे प्रामुख्याने उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा परवाना; इतक्या लवकर कायम वास्तव्य मिळण्यासाठी बी१, म्हणजे मध्यम, पातळीची जर्मन भाषा आणि तितक्या महिन्यांचा निवृत्तिवेतन निधीचा भरणा लागतो, हे मात्र चौकटीत नाही), पण या दाव्याचा उल्लेख कुठेही नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कुशल भारतीयांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याची घोषणा जर्मन सरकारने केली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार करून पहिल्या टप्प्यात १०,००० तरुणांना पाठवण्याचे ठरवले आणि त्यांच्या जर्मन भाषेच्या वर्गांची जबाबदारीही उचलली. भाषा शिकवणे योग्यच आहे. पण व्हिसा वाढवले म्हणून शहरांतील कार्यालयांत माणसे वाढत नाहीत, कारण दूतावास केंद्र सरकारचे आणि ही कार्यालये स्थानिक प्रशासनाची. येणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला आणि वीजतंत्रज्ञाला अखेर याच दारात उभे राहायचे आहे. आपले शासन त्यांना तिथे कोणाच्या भरवशावर पाठवत आहे, हा प्रश्न वृत्तपत्राने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. विद्यार्थ्यांच्या ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे वर्षभराच्या राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्याची, रक्कम लेखात ११,२०८ युरो अशी छापली आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, झालेली आहे. जुन्या आकड्यावर विसंबून शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला वरचे जवळपास ७०० युरो ऐनवेळी उभे करावे लागतील. शिवाय त्याच पानावर खाली ‘जर्मनीत नोकरी व व्हिसाची शंभर टक्के हमी’ देणाऱ्या एका एजंटाची जाहिरात आहे. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो, त्याची हमी कोणताही एजंट देऊ शकत नाही. लेख वाचून हुरळलेले पालक खालचा दूरध्वनी क्रमांक फिरवणारच, याची कल्पना आपल्या जाहिरात विभागाला असायला हवी होती.

माझी विनंती इतकीच आहे की खात्याच्या रकमेची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी आणि पत्त्याची नोंदणी, परवान्याचे नूतनीकरण, तात्पुरते प्रमाणपत्र व निष्क्रियतेचा दावा यांवर स्वतंत्र लेख द्यावा. त्यासाठी लागणारी सर्व माहिती मी कागदपत्रांसह पुरवीन. माझा अर्ज अद्याप निकाली निघालेला नसल्याने कृपया माझे नाव प्रसिद्ध करू नये.

आपली,
एक वाचक
बाडेन-व्युर्टेम्बर्ग, जर्मनी (मूळ गाव सांगली)